जंक्शन बॉक्सचा वास घेणारी

पेटीचं झाकण उघडलं की ती आधी वास घ्यायची. मीटर नंतर, पकड नंतर, बोलणंसुद्धा नंतर. खड्ड्यात उकिडवं बसायचं, पेटीचे स्क्रू सोडवायचे, झाकण बोटभर सरकवायचं आणि त्या फटीला नाक लावून डोळे मिटायचे. बघणाऱ्याला वाटावं, बाई आमटी उतू गेली का तेवढं बघायलीय. मग डोळे उघडून निकाल द्यायचा. "उंदीर मुतलाय." नाहीतर, "पाणी शिरलंय. आजचं न्हाई, जुनं हाय." नाहीतर झाकण पुन्हा लावायची आणि म्हणायची, "पेटीचा काही गुन्हा न्हाई. उगंच तिला बदनाम करू नका."

मी देवगाव फाट्यापासून थोडं आत असलेल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर बसतो. तुम्ही कधी वजनकाट्यावर गाडी नेली असेल तर तुमचं लक्ष फक्त आकड्याकडं असणार. खाली काय आहे ते कुणी बघत नाही. खाली एक खड्डा आहे, त्यावर ट्रक मावेल एवढा लोखंडी प्लॅटफॉर्म. तो ज्यांच्यावर टेकलेला असतो ते पोलादाचे आठ ठोकळे म्हणजे लोडसेल. गाडी चढली की ते दबतात, डोळ्याला दिसणार नाही इतके, आणि दबले की त्यांच्यातली वीज किंचित बदलते. सगळ्या वायरी खड्ड्यातल्या एका लोखंडी पेटीत येतात. तोच जंक्शन बॉक्स. तिथून एक वायर माझ्या केबिनमधल्या डिस्प्लेला. यातलं काहीही रुसलं की आकडा खोटं बोलतो आणि कापूस आणणाऱ्या कास्तकाराच्या शिव्या खातो केबिनमधला माणूस. म्हणजे मी.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवतो. वाचताना तुम्हाला वाटेल की हा माणूस फार तापलाय. तापलोच आहे, आणि एवढ्यात निवायचा माझा विचार नाही.

ती पहिल्यांदा आली तेव्हा आमचा काटा रिकामा असतानाही वजन दाखवत होता. परभणीच्या ज्या दुकानदाराकडून काटा घेतला होता त्याला फोन केला, तो म्हणाला टेक्निशियन पाठवतो. दुपारी फाटकातून एक स्कूटी आत आली. पंजाबी ड्रेसवर बापाचा वाटावा असा ढगळ शर्ट, पायात बूट, नंबरप्लेटच्या वर निळ्या अक्षरात जय भीम, मागं हत्यारांची पिशवी रबरानं बांधलेली. हमालांनी कापसाच्या पाट्या खाली ठेवल्या. शेठ ऑफिसच्या दारात आले आणि त्यांनी रस्त्याकडं मान लांब करून विचारलं, "टेक्निशियन मागून येतोय का?"

"मागून कोणी न्हाई. मीच हाय," ती म्हणाली. "शिडी कुठं हाय तुमची?"

शिडी मिळाली नाही. ती तशीच खड्ड्यात उतरली, पेटी उघडली, वास घेतला आणि खालूनच ओरडली, "ह्या पेटीत पाल मरून पडलीय, अन् तुमी डिस्प्लेला शिव्या द्यायलात." पाल काढली, वायरींची टोकं घासली, आकडा शून्यावर आला. शेठ आत निघून गेले. हमाल मात्र बराच वेळ खड्ड्याच्या कडेला उभे राहिले. नंतर त्यांच्यातल्या एकानं तिला पाणी आणून दिलं.

ती झरी गावची. परभणीला आयटीआय केलं आणि त्या दुकानदाराकडं नोकरीला लागली. माझ्याहून वयानं बरीच लहान, तरी मी ताई म्हणायचो. ती मला भाऊ म्हणायची. गरीब स्वभावाची वगैरे नव्हती हं. तोंड भयंकर. लोडसेलशीसुद्धा भांडायची. फाटकाकडच्या कोपऱ्यातल्या लोडसेलला तिनं 'थोरली' असं नाव ठेवलं होतं, कारण सगळ्यात जास्त कुरकुर तिचीच. "थोरले, सरळ बस. पाहुणे बघायलेत," असं म्हणत ती तिच्या बोल्टला पाना लावायची. आम्ही वर उभे राहून हसायचो, आणि खालून आवाज यायचा, "हसायचं काम न्हाई. बॅटरी धरा नीट."

तिचं एक म्हणणं मी दर खेपेला ऐकत असे, "आधी खाली बगा, मंग वर बोला." काट्याची तक्रार घेऊन येणारा प्रत्येक जण वरच बघतो, डिस्प्लेला थापटतो, माझ्यावर डाफरतो. ती कुणालाही, अगदी शेठलाही, हेच सांगायची. तिला कुणाची भीड नव्हती.

एकदा आमच्या वेल्डिंगवाल्यानं प्लॅटफॉर्मचा तुटलेला कठडा जोडला. चांगला जोडला, पण अर्थिंगचा क्लॅम्प लावला काट्याच्या पलीकडच्या टोकाला. त्यामुळं वेल्डिंगचा सगळा करंट लोडसेलांच्या पोटातून गेला आणि त्यातले काही जळाले. ती आली, वास घेतला आणि मागं सरकली. वर येऊन वेल्डिंगवाल्याला विचारलं, "क्लॅम्प कुठं लावला होता?"

त्यानं पलीकडं बोट दाखवलं.

तिनं त्या बोटाच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाली, "दादा, तुमच्या घरी दिवा लावायचा असला तर तुमी वीज शेजाऱ्याच्या पोटातून आणता का?" तिथून जी सुरू झाली ती चहा येईपर्यंत थांबली नाही. त्या माणसाची मान वर होईना. चहा आला तेव्हा तिनं डबा उघडला, ज्वारीच्या भाकरीचे दोन भाग केले आणि ठेचा लावून एक त्याच्या हातात दिला. "खावा. सकाळपासून उपाशी दिसायलात." तेव्हापासून तो गडी वेल्डिंगची मशीन चालू करायच्या आधी तिला फोन करायचा. गावातल्या घराचं गेट जोडतानासुद्धा यानं फोन केला होता. ती त्याला म्हणाली, "गेटाला लोडसेल नसतात, दादा. जोडा बिनधास्त."

तिचं चुकायचंही. एकदा एका कोपऱ्यावर वजन कमी भरायला लागलं. तिनं ठामपणे सांगितलं, लोडसेल गेला. दुकानदाराशी भांडून नवा आणला, घातला, आणि वजन होतं तेवढंच कमी. मग बॅटरी घेऊन पोटावर पडून ती प्लॅटफॉर्मच्या कडेकडेनं सरकत गेली. प्लॅटफॉर्म आणि सिमेंटचा काठ यांच्या फटीत खडीचा एक तुकडा पक्का अडकला होता. काटा खाली बसतच नव्हता, तर वजन भरणार कुठून. खडी काढली आणि ती खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली.

"भाऊ, मला दोन शिव्या द्या."

"मी कशाला देऊ, ताई?"

"मंग मीच देते," म्हणाली आणि स्वतःला अशा काही दिल्या की मी इकडं तिकडं बघितलं. एवढ्यावर थांबली नाही. तडक शेठच्या ऑफिसात गेली. आत बाहेरगावचे व्यापारी बसले होते. त्यांच्यासमोर म्हणाली, "शेठ, माझं चुकलं. लोडसेल चांगला होता, खडी अडकली होती. जुनाच परत बसवते." शेठ म्हणाले, नंतर सांगितलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "लोडसेल गेला म्हणून ह्याच खोलीत सांगितलं होतं ना." मी आजवर पुष्कळ दुरुस्तीवाले पाहिले. चूक झाली की वायरीला चिकटपट्टी लावून निघून जातात.

तिला एकच गोष्ट पाहिजे होती. स्वतःच्या नावाचं काम. खड्ड्यात उतरायची ती, आणि कागदावर नाव दुकानदाराचं. वजनमापे खात्याकडं तिनं दुरुस्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. "परवाना खातं देईल," ती म्हणायची, "पण काम तर मालक लोक देतात ना. एका जिनिंगवाल्यानं चार लोकांत म्हटलं पाहिजे, आमचा काटा ही बघते. मंग बाकीचे बोलावतेत." जिनिंगच्या धंद्यात सगळं तोंडानं चालतं. एका मालकानं चांगलं म्हटलं की आसपासचे सगळे चांगलं म्हणतात, आणि वाईटाचंही तसंच.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर शेठनी तिला शब्द दिला. माझ्यासमोर दिला. "काटापूजन नीट पार पाडून दे. आजूबाजूचे सगळे जिनिंगवाले त्या दिवशी येतात. त्यांच्यासमोर सांगतो, काटा हिनं केला. पुढचं वर्षभराचं काम तुझ्या नावानं."

ती खूश झाली हे मला कसं कळलं, तर त्या दिवशी तिनं मला विनाकारण झापलं. केबिनमध्ये जाळी लागलीय, झाडता येत नाही का, म्हणून.

काटापूजन ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापसाची खरेदी सुरू होण्याआधी काटा धुतात, झेंडूचे हार घालतात, रांगोळी काढतात, नारळ फोडतात. मग पहिल्या गाडीचं वजन होतं आणि त्या गाडीच्या कास्तकाराला टोपी, टॉवेल, नारळ देऊन मान देतात. मांडव असतो, माइक असतो, चहा असतो. चांगली पद्धत आहे, माझं तिच्याशी भांडण नाही. माझं भांडण पाण्याशी आहे.

आदल्या दिवशी तिनं सगळा काटा तपासला. एकच उणीव होती, जंक्शन बॉक्सच्या झाकणाचं रबर चिरलं होतं. नवं आणा म्हणाली. शेठ म्हणाले, पूजा होऊ दे, मग बघू. तिनं पेटीवर काळं प्लास्टिक गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि दिसेल त्याला सांगत सुटली, "पाणी मारू नका. काट्याला आंघोळ लागत न्हाई. फडक्यानं पुसा, कुंकू लावा, काय करायचं ते कोरडं करा." शेठचे चुलते पूजेचं सगळं बघतात. त्यांनाही जाऊन सांगितलं. ते हसून हो म्हणाले.

पूजेच्या सकाळी लवकर येऊन तिनं शेवटची परीक्षा घेतली. प्लॅटफॉर्मच्या एकेका कोपऱ्यावर स्वतः उभी राहायची आणि केबिनकडं बघायची. मी आकडा ओरडून सांगायचो. सगळ्या कोपऱ्यांवर तोच आकडा आला. "झालं," ती उतरत म्हणाली. "आता तुमी अन् तुमचा देव." चुलते त्या वेळी मांडवात हार मोजून घेत होते. त्यांनी तिला काट्यावर पाहिलं.

त्यानंतर मी केबिनमध्ये गाड्यांचे नंबर लावत बसलो, म्हणून पुढचं मला मागाहून कळलं. चुलत्यांनी पेटीवरचं काळं प्लास्टिक ओढून काढायला लावलं. शुभकार्यात काळं नको. मग पाच कलशांचं पाणी प्लॅटफॉर्मवर ओतलं. आणि नारळ कुठं फोडला, तर खड्ड्यात उतरायच्या झाकणाची लोखंडी कड जराशी वर आलेली आहे, तिच्यावर. फोडायला सोयीची म्हणून. बरोबर त्याच्या खाली पेटी आहे.

पहिला ट्रॅक्टर अजून काट्यावर चढलाही नव्हता आणि माझ्या डिस्प्लेचं डोकं फिरलं. आधी उणे, मग हजारात, मग आकड्यांच्या जागी भलतीच अक्षरं. बाहेर मोठा डिस्प्ले लावलेला होता, सगळ्यांना दिसत होतं. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. कास्तकार म्हणाले, "गाडी न चढताच एवढा कापूस भरला का."

ती केबिनच्या मागं उभी होती, ती पळत निघाली. चुलते आडवे आले.

"थांब. आणखी चढायलीस का वर? सकाळी चढलीस तेवढं बास झालं."

बाई म्हणून म्हणाले की आणखी कशामुळं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिथं कुणाला विचारावंही लागलं नाही.

आणि शेठनी माइक हातात घेतला. मी शब्द न् शब्द सांगतो, कारण तो मला रोज ऐकू येतो. "मंडळी, जराशी अडचण आलीय. पूजेच्या आधी बाई काट्यावर चढली. बाईच्या हातानं काटा बिघडलाय. उद्या दुसरा माणूस बोलावतो. तोवर चहा घ्यावा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पान्याची पेटी घेतली, कुणाला न विचारता खड्ड्यात उतरलो आणि जंक्शन बॉक्स उघडला. आतून पाणी माझ्या मनगटावर आलं. कुंकवानं लाल झालेलं, नारळाच्या वासाचं. झाकणाच्या वाटीत जेवढं साचलं होतं तेवढं घेऊन मी वर आलो आणि तसाच मांडवात शेठपुढं जाऊन उभा राहिलो.

"शेठ, नारळाचं पाणी आहे हे. रबर चिरलेलं होतं. तिचा यात काय दोष आहे?"

शेठनी झाकणात पाहिलं. त्यांना कळलं. तो माणूस मूर्ख नाही, एवढी जिनिंग चालवतो. पाणी बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि माइक पाठीमागं नेला.

"कळलं मला," ते हळू आवाजात म्हणाले. "झाकण लाव जा. पाहुण्यांत तमाशा नको."

ती जवळच होती. तिनं ऐकलं. शेठना कळलंय हे तिनं पाहिलं, आणि कळूनही माइक पाठीमागं गेला हेही पाहिलं. पिशवी उचलली, रबरानं स्कूटीला बांधली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या, पाना फेकून मारला असता तरी मला बरं वाटलं असतं.

तुम्ही तिथं असतात तर काय केलं असतं, हे मी विचारत नाही. तिथं पुष्कळ लोक होते. त्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस आला. बाहेरगावचा, टापटीप कपड्यांतला. त्यानं पेटी फडक्यानं पुसली, केस वाळवायच्या मशीननं वाळवली आणि म्हणाला, रबर बदलावं लागेल. शेठनी लगेच मागवून दिलं. वर्षभराचं काम त्याला मिळालं.

आणि ते वाक्य आसपासच्या सगळ्या जिनिंगांत गेलं. मला एका मालकाच्या मुनिमानं हसत हसत सांगितलं, "तुमच्याकडं ती बाई काट्यावर चढली अन् काटाच येडा झाला म्हणे." मी त्याला झाकणातल्या पाण्याचं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असंन हो, पण कशाला उगंच जोखीम घ्यायची." हे असतं बघा. खरं काय ते सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी खोट्यानं वागणं सोयीचं असतं. जिनिंगवाल्यांचे फोन तिला बंद झाले. दुकानदारानं तिला काउंटरवर बसवलं, किराणा दुकानांतले तराजू दुरुस्त करायला.

परवाना मात्र तिला मिळाला. खात्याला कोण कधी काट्यावर चढलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिनं परभणीत स्टेशनच्या बाजूला छोटं दुकान टाकलं. दूधडेअऱ्या, भुसार दुकानं, मटणवाले. मोठ्या काट्याचा खड्डा काही तिच्या वाट्याला येईना.

पुढच्या हंगामात ऐन भरात आमचा काटा पुन्हा बिघडला, आणि या वेळी खराखुरा. तीच गाडी दोनदा चढवली तर वजन वेगळं. कास्तकार माझ्या केबिनच्या काचा फोडायच्या बेतात. टापटीप माणूस आला, त्यानं डिस्प्ले बदलला, वायर बदलली, हात झटकून गेला. गाड्यांची रांग फाट्याच्या दिशेनं वाढत चालली. शेवटी शेठनी मला बोलावलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "परभणीला जा. तिला घेऊन ये."

मी गेलो. ती एका मटणवाल्याचा काटा उघडून बसली होती. मला पाहून तिनं स्टूल पुढं सरकवलं, चहा सांगितला, घरच्यांची चौकशी केली. मी काट्याचं सांगितलं. तिच्यानं राहवलं नाही, ती विचारायला लागली.

"रिकामा झाल्यावर शून्यावर येतो का?"

"येतो. पण लगेच येत नाही."

"गाडी मागं-पुढं केली की आकडा हलतो?"

"हलतो. फाटकाकडं चाक आलं की जास्तच."

"सकाळी बरा, अन् ऊन चढलं की बिघडायलाय?"

"तसंच."

"हं. थोरली," ती म्हणाली आणि मटणवाल्याच्या काट्यात पुन्हा डोकं घातलं.

"येता का मग, ताई?"

"येते की. का येऊ नये?" तिनं सोल्डरिंगची गन बाजूला ठेवली. "शेठला म्हणा, त्याच काट्याजवळ माइक घ्या, कास्तकार उभे असताना बोला, बाईच्या हातानं काटा बिघडला नव्हता. एवढंच. माफी नको मला, शाल-नारळ नको. झालं ते सांगा. मी तिथंच उभी ऱ्हाते, अन् त्यायचं बोलणं झालं की खड्ड्यात उतरते."

"ताई, कास्तकार उन्हात उभे आहेत."

"त्यायचं वाईट वाटायलंय मला. पण तेव्हा बी तेच उभे होते, भाऊ."

मी परत येऊन शेठना जसंच्या तसं सांगितलं. ते आधी हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "चुलत्यांना मी लोकांत खोटं पाडू? तिच्यासाठी?" मी म्हणालो, शेठ, एक वाक्य आहे, श्वासाशिवाय त्याला काही लागत नाही. ते म्हणाले, "तू जाऊन काट्यावर बस." आणि फोन उचलून त्यांनी नवे लोडसेल मागवले. एखादा नाही, आठच्या आठ. ते लांबून यायचे होते. तोवर काटा बंद, खरेदी बंद. रांगेतल्या गाड्या एकेक करून वळल्या आणि दुसऱ्या जिनिंगकडं गेल्या. केबिनमध्ये बसून मी त्या जाताना बघत होतो. एवढा मोठा माणूस, आठ लोडसेल उचलून टाकायला तयार, आणि जीभ उचलायला तयार नाही.

नवे लोडसेल बसले. पुन्हा पूजा, पुन्हा मांडव, तेच पाहुणे. चहाच्या वेळी माइक टेबलावर पडलेला होता. मी उचलला.

"मागच्या वेळी ताईच्या हातानं काटा बिघडला नव्हता," मी म्हणालो. "पेटीत नारळाचं पाणी शिरलं होतं. मी स्वतः झाकण उघडलं, आणि शेठनी ते पाहिलं."

कुणाची तरी खुर्ची सरकली. शेठ उठून आले, माझ्या हातातून माइक घेतला आणि सगळ्यांकडं बघून म्हणाले, "आमचा काटेवाला जरा गरम डोक्याचा आहे. तुम्हाला माहीतच आहे." लोक हसले. मनापासून हसले. शेठनी माझ्या पाठीवर हातही ठेवला.

संध्याकाळी मी तिला फोन केला. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं ती खूश होईल. मी सगळं सांगितलं, कोण कोण होतं, मी काय बोललो. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"तुमी काहून बोललात, भाऊ?" ती म्हणाली. "तुमी कुठं म्हणला होता, की माझ्या हातानं बिघडला? ज्यानं म्हटलं त्याच्याकडनं पाहिजे होतं मला."

मला राग आला. आधी तिचाच आला. नोकरीवर पाणी सोडायच्या तयारीनं मी बोललो होतो, आणि हिला त्याचं काही नाही. मग लक्षात आलं की ती बरोबर बोलतेय, तेव्हा आणखी राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

"काटा कसा हाय आता?" तिनं विचारलं.

"बरा आहे. आठही नवे घातले."

"अन् जुने?"

"शेडमागं टाकले होते. आज भंगारवाला घेऊन गेला."

"आठी?"

"आठही."

मागं परभणीचा रस्ता ऐकू येत होता.

"त्यातले सात चांगले होते, भाऊ," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर ती आमच्या जिनिंगवर आलेली नाही.